निळें रक्त आणि मनुष्याची कांति

सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची यादी सहसा कोणी वाचीत नाहीं. परवां तशी एक यादी चाळीत असतां माझी दृष्टि एका ओळीवर अडली: कवचधारी जलचरांच्या रक्ताचा अर्क, प्रयोजन, त्वचेस मृदुता आणणें. ‘अर्क’ हा शब्द मोठा सभ्य आहे. तो ‘रक्ता’वर पांघरला कीं खालचें कांहीं दिसेनासें होतें.

खेकडा, शेवंड, कोळंबी यांच्या रक्तांत प्राणवायु वाहण्याचें काम लोहाऐवजीं तांबें करितें. म्हणून तें तांबडें नसून निळसर असतें. रंग निराळा, म्हणून वेदनाहि नाहीं, असें मानणें आपल्याला सोयीचें झालें. पण २००९ सालीं एल्वुड व ॲपेल यांनीं शंखांत राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य धक्के दिले, तेव्हां नावडता शंख ते सहज सोडीत, आवडता सोडावयास मात्र कां-कूं करीत. निव्वळ यंत्र असा हिशेब करीत नाहीं. ब्रिटिश कायद्यानें २०२२ सालीं या प्राण्यांना संवेदनक्षम मानलें आहे.

यावर कोणी मला विचारील, “महाराज, आपण कोंकणचे, खेकड्याचा रस्सा सोडला काय?” सोडलेला नाहीं, आणि म्हणूनच हा प्रश्न मला दुसऱ्यावर ढकलतां येत नाहीं. जीव घेणें पाप कीं पुण्य, एवढ्यावर तो सुटत नाहीं. घेतल्याच्या बदल्यांत काय मिळालें, हेंहि तोलावें लागतें.

घोड्याच्या नालासारखा, नांवानें खेकडा पण नात्यानें कोळ्याचा आप्त, असा एक समुद्रप्राणी आहे. शिरेंत टोंचावयाच्या औषधांत जंतुविष नाहीं ना, हें त्याच्या रक्तापासून केलेल्या द्रव्यानें तपासतात. अमेरिकेंत १९७७ पासून त्यास मान्यता आहे. येथें त्या प्राण्याला द्यावयास आपल्यापाशीं निदान एक उत्तर आहे: रोग्याचा प्राण. तरीहि शास्त्रज्ञ स्वस्थ बसले नाहींत. रक्तावांचून तेंच काम करणारें द्रव्य त्यांनीं तयार केलें, व यूरोपच्या औषधसंहितेंत २०२१ पासून त्या पद्धतीला स्थान आहे. जेथें गरज प्राणाची, तेथें पर्याय शोधला गेला. मग जेथें गरज केवळ कांतीची आणि खोबरेल व ग्लिसरीन हाताशीं, तेथें तो शोधण्याचें कर्तव्य अधिक नव्हे काय?

एक आक्षेप उरतो. खाण्यासाठीं मारलेल्या प्राण्याचें फुकट जाणारें रक्त वापरलें, तर बिघडलें कोठें? आज कदाचित् कांहींच नाहीं. परंतु टाकाऊ वस्तूला भाव आला कीं ती टाकाऊ राहत नाहीं. कालचें उरलेंसुरलें उद्यां मारण्याचें कारण होऊन बसतें.

रश्श्याच्या ताटांत खेकडा निदान खेकडा म्हणून समोर असतो. त्याचे आंकडे मीं स्वतःच्या हातानें मोडलेले असतात. डबींतला प्राणी मात्र ओळखूं येत नाहीं. जें नांव घेऊन मागावयास आपल्याला संकोच वाटला असता, तें नांव लपवून घ्यावें काय, एवढेंच मी आरशासमोर उभें राहणाऱ्यांना, आणि त्यांत स्वतःलाहि, विचारतों.