दुसरी प्रत

घरात एक पुस्तक आहे. तीन-चारदा वाचून झालेले, पाठ निखळलेले, पानांचे कोपरे दुमडलेले. तेच पुस्तक आता नव्या थाटात बाजारात आले आहे. चामड्याची बांधणी, सोनेरी कडा, ठेवायला खास पेटी. मजकूर तोच. ही दुसरी प्रत घ्यावी का? दारू-जुगाराच्या मानाने हा मोह इतका सोज्ज्वळ दिसतो, की कुमसाराला जाताना तो कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकाचे उदाहरण घेऊ. २००१ ते २००३ या काळात त्यांच्या कथेवरचे तीन चित्रपट आले आणि आपल्याकडील तरुणांनाही त्यांच्या अद्भुत कादंबऱ्यांची गोडी लागली. टॉल्किन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते. त्यांचे ‘द हॉबिट’ १९३७ साली निघाले. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या १,५०० आणि त्या डिसेंबरपर्यंत संपल्या. पुस्तक मुलांचे, त्यामुळे मुलांनी ते मनसोक्त हाताळले, वेष्टने फाडली. धड राहिलेल्या प्रती आज दुर्मिळ आहेत त्या म्हणूनच. २०१५ साली लंडनच्या लिलावात त्यातली एक प्रत १ लाख ३७ हजार पौंडांना गेली. ती टॉल्किन यांनी आपल्या एका माजी विद्यार्थिनीला स्वहस्ते लिहून भेट दिलेली होती. प्रेमाने दिलेल्या वस्तूचा पुढे असा भाव झाला!

संग्राहकांच्या बाजाराचा एक नियम मोठा विचित्र आहे. न उघडलेल्या प्रतीला जास्त किंमत येते. वाचले, की भाव उतरला. ज्या पुस्तकावर आपला जीव जडला ते वाचल्यामुळेच ना? मग न वाचण्यासाठी ते पुन्हा का घ्यायचे?

खरे तर आपल्याला हवी असते ती पहिल्या वाचनाची रात्र. दिवा मालवायला सांगणारा आईचा आवाज, पुढे काय होणार ही धाकधूक. ती काही पेटीत घालून मिळत नाही. प्रकाशकांना आपली ही ओढ बरोबर ठाऊक असते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची पन्नासाव्या वर्षाची आवृत्ती २००४ साली आली, मग २०२१ साली लेखकाने स्वतः काढलेल्या चित्रांची आली. दर वेळी वाटते, एवढी एक घेतली की झाले.

सुंदर वस्तू करणे हे पाप नव्हे. वेदीवरचा मिस्साग्रंथ आपणही चांगल्या बांधणीचाच ठेवतो. पैसे साठवून एखादी टिकाऊ प्रत मुला-नातवंडांसाठी घेणाऱ्याला मी तरी नावे ठेवणार नाही.

पण संत जेरोम यांची गोष्ट मनातून जात नाही. सुमारे ३८४ साली युस्टोकियम या तरुण व्रतस्थ स्त्रीला त्यांनी एक पत्र लिहिले. त्यात ते सांगतात, की घर सोडले, आईवडील सोडले, बहीण सोडली, चांगलेचुंगले खाणेही सोडले, पण रोममध्ये कष्टाने जमवलेला ग्रंथसंग्रह सोडवेना. उपवास करायचा आणि लगेच सिसेरो वाचायला घ्यायचा! पुढे आजारपणात त्यांनी स्वतःला न्यायासनापुढे उभे पाहिले आणि ‘तू ख्रिस्ताचा नव्हेस, सिसेरोचा आहेस’ असा ठपका ऐकला. त्याच पत्रात ते श्रीमंतांच्या ग्रंथांवर तुटून पडतात. जांभळ्या रंगवलेल्या कातड्यावर सोन्याची अक्षरे, वर रत्ने जडवलेली, आणि दाराशी ख्रिस्त उघडा मरतो आहे. पुढे ईयोबच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी जरा सौम्यपणे म्हटले, की ज्यांना हवे त्यांनी तसले ग्रंथ खुशाल बाळगावेत, आम्हाला आमची साधी पण अचूक पाने पुरेत. ग्रंथ काही त्यांनी टाकले नाहीत. टाकले असते तर त्यांच्या हातून पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर कसे झाले असते?

गंमत अशी, की टॉल्किन यांची मोठी कथाच एका अंगठीची आहे. जो ती जवळ बाळगतो त्याच्या हातून ती सुटत नाही, आणि अखेर तोच तिचा होऊन बसतो. या कथेतली हॉबिट नावाची बुटकी माणसे मात्र वाढदिवसाला दुसऱ्यांना भेटी देतात. कामाची नाही पण टाकवतही नाही अशा वस्तूला ते ‘मॅथम’ म्हणतात, आणि अशा वस्तू भेट म्हणून या हातातून त्या हातात फिरत राहतात.

आपली निखळलेल्या पाठीची प्रत शेजारच्या मुलाने मागितली, तर आपण सहज देतो. परत आली नाही तरी चालते. पेटीतली प्रत मागायला तो दारात उभा राहिला, तर आपण त्याला काय सांगू?