भट्टीत जाणारे फूल

येशूच्या डोंगरावरील प्रवचनातली रानफुले ख्रिस्ती घरात वाढलेल्या प्रत्येकाच्या ओळखीची असतात. ती राबत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी ऐन वैभवातल्या शलमोन राजालाही त्यांच्याइतका सुंदर पोशाख मिळाला नव्हता, असे येशू सांगतो. इथवरचा मजकूर आपण कॅलेंडरांवर छापतो, चौकटीत बसवून भिंतीवर लावतो. त्याला लागूनच येणारी गोष्ट मात्र चौकटीबाहेर राहते. देवाने इतके नटवलेले ते रानातले गवत आज आहे आणि उद्या भट्टीत पडणार आहे. माझ्या श्रद्धेला आधार मिळतो तो या भट्टीपाशी.

गालीलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथले डोंगरउतार फुलतात. लालभडक ॲनिमोन, रानमोहरीची पिवळी पट्टी, खडकांच्या सांदीतली सायक्लामेनची गुलाबी फुले, सगळे एकदम. येशूच्या मनात ते लाल ॲनिमोनच असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. पण हा बहर टिकत नाही. वसंत संपता संपता वाळवंटाकडून कोरडा, तापलेला वारा सुटतो आणि थोड्याच दिवसांत उतार तपकिरी होऊन जातो. लाकूडफाट्याची त्या मुलखात चणचण. म्हणून वाळलेले गवत, काटक्या, फुलांचे सुकलेले देठ गोळा करून बायका ते मातीच्या भट्टीत घालत आणि त्यावर घरची भाकरी भाजत. येशूचे ऐकायला बसलेल्यांपैकी कितीतरी जणींनी त्याच सकाळी ते केले असेल. त्याने भट्टीचे नाव घेतले तेव्हा त्यांना काही समजावून सांगावे लागले नसेल.

ही माणसे कोण होती हे लक्षात घेतले नाही, तर या शिकवणीचा अर्थ पार बिघडतो. शेतकरी, कोळी, रोजावर जाणारे मजूर. हेरोद अंतिपाचे कर होते, मंदिराची पट्टी होती. गरिबाकडे अंगावर घ्यायला एकच झगा असे आणि रात्री तोच पांघरूण होई. म्हणून तर मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे की गरिबाचा झगा गहाण घेतला असेल तर सूर्य मावळायच्या आत तो परत द्यावा, नाहीतर तो काय पांघरून निजेल? ‘काय नेसावे’ ही चिंता या लोकांना हौसेपोटी नव्हती. येशू आधी पाखरांचे उदाहरण देतो. ती पेरत नाहीत, कापत नाहीत. मग फुलांकडे वळतो. ती कातत नाहीत. पेरणी हे बहुतेक पुरुषांचे काम, सूतकताई बायकांची. दोघांच्याही हातांचे घट्टे त्याने पाहिले होते. काम सोडून स्वस्थ बसा, असे तो त्यांना सांगत नाही. राबूनही पुरे पडत नाही, म्हणून ज्यांचा जीव रात्री थाऱ्यावर नसतो अशा माणसांशी तो बोलतो आहे.

अशा माणसांना धीर द्यायचा तर दुसऱ्या कोणी लबानोनचा गंधसरू दाखवला असता. स्तोत्रकर्त्याने नीतिमानाला खजूर आणि गंधसरूचीच उपमा दिली आहे, कारण ती झाडे टिकतात. यशया संदेष्ट्याने गवत आणि फूल घेतले, पण ते उलट्या बाजूने. सगळी माणसे गवतासारखी सुकतात, देवाचे वचन तेवढे टिकते, असे त्याला म्हणायचे होते. यशयाचा हा उतारा त्या श्रोत्यांनी सभास्थानात अनेकदा ऐकला असणार. येशू तेच गवत उचलतो आणि एक निराळी गोष्ट सांगतो. जे टिकणार नाही त्यावरच देव इतका जीव ओततो. दोन-तीन आठवड्यांचे आयुष्य असलेल्या पाकळीवर तो हात आखडत नाही. आपल्या हिशेबात वस्तू किती दिवस टिकेल त्यावर तिच्यासाठी किती खर्च करायचा ते ठरते. पित्याच्या प्रेमाला हा हिशेब लागू होत नाही, हे गालीलच्या उतारावर कोणालाही उघड्या डोळ्यांनी दिसत होते.

शलमोनाचे नावही उगाच आलेले नाही. त्याच्या मंदिराचे वर्णन ‘राजे’ या पुस्तकात आहे. गंधसरूच्या तक्तपोशीवर उमललेली फुले कोरलेली होती. याखीन आणि बवाज या दोन मोठ्या पितळी खांबांचे कळस कमळाच्या घाटाचे होते, आणि पाण्याच्या भल्यामोठ्या पितळी कुंडाची कडाही फुलाच्या काठासारखी वळवलेली होती. इतके सोने, इतके कारागीर, सात वर्षांचे बांधकाम, आणि शेवटी सुंदर काही घडवायचे तर राजाला रानातल्या फुलाकडेच जावे लागले. ते मंदिर पुढे बाबेलच्या सैन्याने जाळले. फुले दर पावसाळ्यानंतर येत राहिली.

फुलांत देव पाहण्याची आणखी एक रीत ख्रिस्ती परंपरेत आहे. तिच्याबद्दल मला आदर आहे, पण ती मला पुरत नाही. आपल्याकडे कुंपणावर चढणारे कृष्णकमळ मुळात अमेरिका खंडातले. स्पॅनिश मिशनऱ्यांनी ते तिथल्या रानात पाहिले आणि त्यात त्यांना प्रभूचे दुःखसहन दिसले. तंतूंचे वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा आणि दहा पाकळ्या म्हणजे दहा प्रेषित, कारण दगा देणारा यहूदा आणि नाकारणारा पेत्र त्यांतून वगळलेले. तेच फूल आपल्या अंगणात आले तेव्हा त्याच तंतूंमध्ये शंभर कौरव दिसू लागले, पाच परागकोश पांडव झाले आणि तीन कुक्षी ब्रह्मा-विष्णू-महेश. दोन्हीकडची माणसे भक्तीनेच पाहत होती आणि दोघांनाही आपल्या मनातले सापडले. ही गंमत मला फार आवडते. मात्र येशू फुलाचे अवयव मोजत नाही, त्याला कशाचे चिन्हही करत नाही. ती कशी वाढतात ते नीट पाहा, एवढेच तो सांगतो. फूल हे देवाने लिहिलेले कोडे असेल तर ते सोडवणाऱ्या पंडिताची गरज लागते. ते देवाचे काम असेल, तर कातणाऱ्या बाईला ते पंडिताइतकेच, किंबहुना अधिक, दिसते.

फुलांच्या नावाने आपण एकमेकांचे जे सांत्वन करतो त्यातले काही मला सहन होत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. लहान मूल गेले की कोणीतरी आईला म्हणते, देवाला त्याच्या बागेत हे फूल हवे होते. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, पण त्या वाक्यातला देव मला शुभवर्तमानात कुठेच भेटत नाही. तिथला पिता फुलाला पोशाख घालतो. स्वतःच्या हौसेसाठी आईच्या मांडीवरून ते खुडत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना महाराष्ट्राने ‘फुलामुलांचे कवी’ म्हटले. ही दोन्ही त्यांच्या मनात एकत्र का नांदली असतील याचा मी अनेकदा विचार केला आहे. फूल आणि मूल, दोघांनाही स्वतःच्या जोरावर काही मिळवता येत नाही. जे मिळते ते प्रेमाने दिलेले असते, आणि दोघेही चटकन कोमेजू शकतात. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो घर, नाती, समाज सगळे पणाला लावून. पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची वर्षानुवर्षांची ताटातूट लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला माहीत आहे. एवढ्या वादळातून गेलेल्या माणसाचा जीव फुलात रमत होता. त्याला मी नाजूकपणा म्हणणार नाही. इतके सोसून माणूस फुलावर प्रेम करतो, तेव्हा त्यात सगळ्यात दुबळ्या गोष्टीवर विश्वास टाकण्याची हिंमत असते.

मग देव पोशाख घालतो आणि भट्टीही जळतच राहते, याचे काय? या प्रश्नाला शुभवर्तमानात युक्तिवादाने उत्तर दिलेले नाही. उत्तर आहे ते येशूच्या अंगावर घडलेले. काय नेसावे याची चिंता करू नका असे सांगणाऱ्याचे कपडे कालवारीवर काढून घेतले गेले. शिपायांनी त्यांचे चार वाटे केले. अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता, तो फाडायचा नाही म्हणून त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. रानातल्या गवताला नटवणारा पिता स्वतःच्या पुत्राच्या अंगावर एक वस्त्र राखू शकला नाही, असेच पाहणाऱ्याला वाटले असेल. मला त्यातून एवढेच कळते की देव भट्टीच्या बाहेर उभा राहून फुलांना धीर देत नव्हता. तो त्यांच्याबरोबर आत गेला. ज्याला दुःखात कोणीच सोबत नव्हते असे वाटले आहे, त्याला यातला फरक सांगावा लागत नाही. योहानाने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, जी इतर कोणी सांगत नाही. जिथे त्याला क्रुसावर दिले तिथे एक बाग होती. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीयेने त्याला पाहिले ते त्याच बागेत, आणि तिला तो माळी वाटला.

फुलांची भाषा बोलणाऱ्या संतांमध्ये लिझ्यूची तेरेजा सगळ्यांत लाडकी. आपल्याकडच्या कॅथलिक घरांत तिला ‘लिटल फ्लॉवर’ म्हणूनच ओळखतात आणि गुलाब हातात धरलेली तिची मूर्ती अनेक चर्चमध्ये असते. त्या गोड मूर्तीमागची मुलगी लोक विसरतात. मठात जाण्याची परवानगी मागायला ती वडिलांकडे गेली, तेव्हा त्यांनी भिंतीच्या सांदीतले एक पांढरे फूल उपटून तिला दिले. ते मुळासकट आले होते, आणि हे तिने आयुष्यभर लक्षात ठेवले. पंधराव्या वर्षी ती मठात गेली. सगळीच फुले गुलाब व्हायला निघाली तर वसंताची शोभाच जाईल, असे तिने लिहिले. 1896 च्या पुण्यसप्ताहात तिच्या तोंडातून रक्त आले. त्याच पास्काच्या दिवसांत तिच्या मनावर असा काळोख आला की स्वर्ग आहे की नाही हेही तिला जाणवेनासे झाले. तो काळोख पुढचे दीड वर्ष, 30 सप्टेंबर 1897 रोजी चोविसाव्या वर्षी तिचा क्षयाने मृत्यू होईपर्यंत, सरला नाही. तरी तिने प्रेम करणे थांबवले नाही. प्रार्थनेत काहीच जाणवत नाही म्हणून स्वतःला पापी समजणाऱ्या किती जणांना मी हे सांगितले आहे! श्रद्धा म्हणजे सुगंध येत राहणे, असा आपला समज असतो. तेरेजाला अखेरच्या महिन्यांत तो येत नव्हता, आणि 1997 मध्ये चर्चने तिलाच ‘धर्मपंडित’ ही पदवी दिली.

आता वसईकडे येतो, कारण फुलांविषयी बोलून वसई टाळणे मला शक्य नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठीची थोरवी सांगताना फुलांमधली मोगरी निवडली. इंग्लंडहून आलेल्या त्या धर्मगुरूला या मातीतले काय वेचावे हे बरोबर कळले होते. वसईच्या वाडीत तोच मोगरा आणि सोनचाफा, जास्वंद, तगर यांची शेती करणारी अनेक कुटुंबे ख्रिस्ती आहेत. कळ्या उमलायच्या आत खुडाव्या लागतात, म्हणून अंधार असतानाच कामाला लागायचे, पाट्या भरायच्या आणि पहाटेच्या लोकलने दादरचा फूलबाजार गाठायचा. तिथून ती फुले मुंबईभर जातात. देवळातल्या गाभाऱ्यात, घरातल्या देव्हाऱ्यात, दर्ग्यावर, नवरीच्या वेणीत, तिरडीवर, आणि रविवारी आल्तारावरही. मिस्सा ऐकून आलेल्या बाईने खुडलेली जास्वंद गणपतीच्या चरणी पडते, यात तिला काही वावगे वाटत नाही. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणाला आहे की पिता आपला सूर्य चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच उगवतो, पाऊस सगळ्यांवर पाडतो. वसईच्या पाटीत ते प्रवचन रोज दादरला जाते, असे मला मनापासून वाटते.

पण येशूचे रानफूल आपोआप उगवते आणि मोगरा तसा उगवत नाही. त्याला पाणी लागते, खत लागते, वाकलेली पाठ लागते. गणपतीत आणि दसऱ्याला भाव चढतो, सण सरला की कोसळतो, अवकाळी पाऊस आला तर कळ्या झाडावरच काळ्या पडतात. अशा घरात जाऊन ‘रानातल्या फुलांकडे पाहा, चिंता करू नका’ एवढेच म्हणून परत येणे मला लाजिरवाणे वाटते. याकोबाने आपल्या पत्रात अशांना सरळ विचारले आहे. उघड्या, उपाशी भावाबहिणीला ऊब घ्या, पोटभर जेवा असे नुसते म्हणून तुम्ही निरोप दिलात, तर त्याचा काय उपयोग? तुम्हाला या सगळ्याची गरज आहे हे पित्याला ठाऊक आहे, असे येशू म्हणाला तेव्हा तेच ठाऊक असण्याची जबाबदारी पित्याच्या लेकरांवरही आली. म्हणून पहाटे कळ्या खुडणाऱ्या बाईला हे प्रवचन ऐकवायचे असेल, तर आज शेकडा सोनचाफ्याला किती मिळाले आणि न विकलेल्या पाटीचे काय झाले, हे मी तिला आधी विचारीन.