आहार आणि विहार

॥ श्री गणेशाय नमः ॥



गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत योग कोणाला साधतो हे सांगतात, तेव्हा आहार आणि विहार हे दोन शब्द एकाच समासात येतात. आपण त्यातला आहार तेवढा उचलला. काय खावे, उपवासाला काय चालते, यावर आपल्या घरांत रोज चर्चा होते. विहार मात्र गाडीच्या चाकांवर सोपवून आपण मोकळे झालो. आज एक डॉक्टर या नात्याने त्या दुसऱ्या शब्दाविषयी थोडे निरूपण करतो.

आपल्या आजोबांची शतपावली आठवा. जेवण झाले की अंगणात येरझारा. सुश्रुतसंहितेतही जेवल्यावर जरा बसावे, मग शंभर पावले चालून डाव्या कुशीवर पडावे, असे सांगितले आहे. मी एम.बी.बी.एस. झालो तेव्हा अभ्यासक्रमात औषधे पुष्कळ होती, शतपावली नव्हती.

भात, पोळी किंवा मोदक पोटात गेला की अर्ध्या ते दीड तासात रक्तातली साखर चढते. ती पेशीत शिरायला इन्शुलिनची किल्ली लागते आणि मधुमेहात हे कुलूप गंजलेले असते. पण स्नायूंना आणखी एक दार आहे. चालताना पायांचे स्नायू आकुंचन पावले की साखर आत घेणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर येतात. त्यासाठी इन्शुलिनची वाट पाहावी लागत नाही. मधुमेह्याचेही हे दार बहुधा उघडते.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या ४१ रुग्णांना आधी एका पद्धतीने, मग दुसऱ्या पद्धतीने चालायला लावले : दिवसातून केव्हाही ३० मिनिटे, किंवा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे. मिनिटे तेवढीच, पण जेवणानंतर चालले तेव्हा जेवणोत्तर साखर १२ टक्क्यांनी कमी भरली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्या मेलबर्नच्या बेकर संस्थेनेही २०१२ मध्ये वजनदार माणसांत दाखवले की बैठ्या वेळेत दर २० मिनिटांनी दोन मिनिटे हळू चालले, तरी जेवणोत्तर साखर सुमारे पाव हिश्शाने कमी चढते.

पूर्वजांना सारे विज्ञान ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. शंभर पावले म्हणजे जेमतेम एक मिनिट. ते दहावर न्यायला हवे. पण वेळ त्यांनी अचूक निवडली होती.

"मी तर बारीक आहे, मला कसला मधुमेह?" हे मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये चक्क स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपली ठेवण अशी आहे. वजनकाटा आपल्याला पुरेसा इशारा देत नाही.

शास्त्राने पाय हे पाच कर्मेंद्रियांत गणले. देवाला प्रदक्षिणा आपण पायांनी घालतो, आळंदीहून पंढरीची सुमारे २५० किलोमीटरची वारी पायांनीच होते. ग्लेन वेव्हर्लीत मात्र किंग्जवेवर जेवलो की थेट गाडीत. सप्टेंबरात इथे सहालाच अंधारते आणि गारठाही असतो, हे खरे. मग घरातल्या घरात फिरा, मुलांचे हसणे मनावर घेऊ नका. आरती दोन घरे सोडून असेल तर गाडी काढू नका.

एक सूचना. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपवासात चालल्याने फार खाली जाऊ शकते. हरतालिकेच्या किंवा चतुर्थीच्या आधीच आपल्या डॉक्टरांना विचारा आणि खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर उपवास तिथेच सोडावा. बाप्पा रागावत नाही.

आणि ज्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठी आले आहेत त्यांना विशेष विनंती. पुण्यात ते रोज सोसायटीच्या बागेत उतरतात, बाकावर चार मित्र भेटतात. इथे फुटपाथ मोकळा, ओळखीचे कोणी नाही, म्हणून ते दिवसभर खिडकीशी बसून तुमची वाट पाहतात. रात्री जेवण झाले की त्यांना कोट घाला, टोपी द्या आणि दहा मिनिटे त्यांच्या चालीने चाला. फोन घरी ठेवा. त्यांना सांगायचे बरेच साठलेले असते.