एकेकाचा एक सूर



रविवारच्या मिस्सात आपल्या गायनवृंदाच्या गिटारी आपण नेहमीच ऐकतो. आज गिटार वाजवण्याच्या एका आगळ्या पद्धतीवर थोडे चिंतन करू या.

इंग्लंडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी १९८५ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात 'गिटार क्राफ्ट' ही शिबिरे सुरू केली. शिबिरार्थी साधी, विजेविना वाजणारी गिटार घेऊन गोलाकार बसत. त्यांचा एक सराव असा : पहिल्याने एकच सूर छेडायचा, शेजाऱ्याने पुढचा, त्याच्या शेजाऱ्याने त्यापुढचा. सूर असा हातोहात फिरत जातो आणि त्यातून चाल उभी राहते. पूर्ण चाल कोणा एकाच्या हाती नसते.

आणखी एक गोष्ट. नेहमीच्या गिटारच्या सहा तारा जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. या शिबिरांत त्या सी, जी, डी, ए, ई, जी अशा लावत. त्यामुळे बोटांना पाठ झालेले कॉर्ड कामी येत नाहीत. वीस वर्षे वाजवणाराही पुन्हा शिकाऊ होतो. लहान बालकांसारखे व्हा, असे प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सांगितले, त्याची इथे आठवण होते.

प्रायश्चित्तकाळात आम्ही गायनवृंदातील गिटारवाल्यांनी हा सराव करून पाहिला. सोपा वाटला, पण जमेना. एकाला आपला सूर वाजवायला उशीर होई. चाल तुटू नये म्हणून त्याच्या शेजारचा जाणता वादक त्याचाही सूर स्वतःच वाजवू लागला. चाल सुरळीत झाली. पण थोड्या वेळाने त्या पहिल्याने गिटार खाली ठेवली.

तेव्हा आमच्या डोळ्यांत अंजन पडले. काही महिन्यांपूर्वी आमच्यातील एक तरुण सरावाला येईनासा झाला होता. त्याला आवड उरली नाही, असे आम्ही म्हणत होतो. खरे तर त्याचा सूर आम्हीच वाजवून टाकला होता. आमच्यापैकी दोघे त्याच्या घरी गेले आणि त्याची क्षमा मागितली. तो परत आला. अजूनही त्याला उशीर होतो. आम्ही थांबतो.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात संत पौल शरीराचा दाखला देतो. जे अवयव दुबळे वाटतात, त्यांचीच अधिक गरज असते, असे तो समजावतो. आपण मात्र काम लवकर उरकावे म्हणून दुबळ्याला बाजूला सारतो. लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेत तेच दोघे-तिघे बोलतात. सणाच्या तयारीत तीच माणसे पुढे असतात. घरी मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आईवडीलच देऊन मोकळे होतात. काम होते, पण माणूस दुरावतो.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने स्वतःला विचारू या : मी कोणाचा सूर हिरावून घेतला आहे? ती व्यक्ती आठवली, तर तिच्या घरची पायरी चढू या.

हे प्रभो, आम्हांला आमचा सूर नेमका वाजवण्याची आणि दुसऱ्याच्या सुरासाठी थांबण्याची कृपा दे. आमेन.