माग दाखविणाऱ्याचा दोष

हिंसेविषयी जे प्रश्न आपणांस विचारले जातात, ते बहुधा मारणाऱ्याविषयी असतात, किंवा खाणाऱ्याविषयी. गेल्या माघ महिन्यात भिवंडीजवळच्या शेलार गावी मुक्काम असता एका वृद्ध वासनिकांनी जो प्रश्न केला, तो या दोहोंविषयी नव्हता. निरूपण संपून मंडळी उठून गेल्यावर ते मागे राहिले, दंडवत घातला आणि म्हणाले, "बाबा, ज्याने शस्त्र हाती धरले नाही, केवळ जनावर कोठे आहे ते दाखविले, त्याला दोष किती?"

मी लगेच उत्तर देऊ लागलो. त्यांनी हात जोडून थांबविले आणि आधी सर्व हकिकत ऐकावी अशी विनंती केली. ते योग्यच झाले. दोषाची चर्चा करणारे आपण पुष्कळदा कृती नीट न पाहताच तिचे नाव ठेवून मोकळे होतो.

शेलार हे कामवारी नदीकाठचे गाव. आज तेथे माग म्हटले की यंत्रमागच कानी येतो. या गृहस्थांच्या तरुणपणी तेथे भातखाचरे आणि गवताची कुरणे होती, आणि माग या शब्दाचा त्यांच्यापुरता अर्थ निराळा होता. 1951 च्या मुंबई राज्याच्या कायद्याखाली त्या काळी शिकारीचे परवाने मिळत. पावसाळा सरला की परवानेवाले शिकारी शहरातून येत. ते येण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस या गृहस्थांनी उत्तरेकडे वाड्याच्या आणि तानशाच्या रानात जावयाचे, सांबर कोठे चरते, भेकर कोणत्या ओहोळावर उतरते हे पाहून ठेवावयाचे, आणि शिकारी आले की त्यांना थेट त्या जागी नेऊन बसवावयाचे. मोबदला म्हणून काही रुपये आणि मांसाचा वाटा. पुढे उपदेश झाल्यावर मांस सुटले. आठवण सुटली नाही.

पाहणे कसे असे, तेही त्यांनी सांगितले. चिखलात उमटलेल्या खुराच्या कडा धारदार असतील तर जनावर रात्रीच येऊन गेले. कडा ढासळल्या असतील, आत पाचोळा पडला असेल किंवा किड्याची रेघ वरून गेली असेल, तर खूर जुना. लेंड्यांवर ओलसर चकाकी आहे की त्या कोरड्या पडल्या, हेही पाहावयाचे. सांबराचा नर शिंगे झाडावर घासतो, त्याने साल सोलवटते. ती किती उंचीवर सोलवटली यावरून नर केवढा याचा अंदाज येतो. भेकर लहान आणि लाजाळू. ते कुत्र्यासारखे भुंकते, म्हणून रात्री कान देऊन बसावे लागते. आवळा, बेहडा कोठे गळून पडला आहे, पहाटे वारा कोणत्या अंगाने वाहतो, दिवस वर आल्यावर जनावर कोणत्या जाळीत शिरते, असे सर्व मनात साठवावयाचे. मी ऐकत राहिलो. एखाद्या साधकाने नामस्मरणात इतके चित्त घातले असते तर, असा विचार मनात आला. तो तेथेच सोडून दिला, कारण त्यांचा कंठ दाटून आला होता.

एका वर्षी एक सांबरी रोज पहाटे एकाच ओहोळावर येत असे. तिच्या मोठ्या खुरालगत एक लहान खूर उमटे. हे त्यांनी पाहिले होते. शिकाऱ्यांना त्यांनी एवढेच सांगितले की येथे सांबर येते. अंधुक उजेडात गोळी सुटली. "शिकाऱ्याने एक सांबर मारले, बाबा," ते म्हणाले, "मी मात्र ओळखीचे मारविले."

आता विचार करू. मनुस्मृती हा आपल्या पंथाचा प्रमाणग्रंथ नव्हे. तथापि तिच्या पाचव्या अध्यायात घातक कोणकोण याची जी गणना आहे ती पाहण्यासारखी आहे. अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, असे आठ जण तेथे सांगितले आहेत. माग दाखविणारा या आठांत नाही. त्याला अनुमती देणाऱ्यांत बसवावे असे कोणी म्हणेल, पण ते पुरत नाही. अनुमती देणारा घरी बसूनही अनुमती देतो. हा तर सर्वांआधी रानात गेलेला असतो. मनुष्याने केलेला अलीकडचा कायदा या बाबतीत अधिक बारकाईने बोलतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत मारण्यासोबत हाका घालणे, फासे लावणे, आमिष ठेवणे आणि तसा प्रत्येक प्रयत्न हेही शिकारच ठरविले आहे. 1991 च्या दुरुस्तीनंतर तर हौसेखातर परवाना घेऊन शिकार करण्याची वाटच बंद झाली. हाकाऱ्याच्या हाती काठी आणि डबा असतो, बंदूक नसते. तरीही कायद्याने त्याला शिकाऱ्याच्या पंक्तीस बसविले.

कायद्याने गुन्हा ठरतो. दोष कसा ठरतो ते शास्त्राला विचारावे लागते. महाभारताच्या कर्णपर्वात भगवान श्रीकृष्णांनी अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची कथा सांगितली आहे. हा कौशिक नद्यांच्या संगमाजवळ राहून सदैव सत्य बोलण्याचे व्रत पाळी. दरोडेखोरांच्या भयाने काही लोक त्याच्यादेखत रानात शिरले. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारले. कौशिकाने जे पाहिले ते सांगितले. लोक सापडले, मारले गेले, आणि सत्यवादी कौशिक नरकास गेला. त्याने कोणास स्पर्शही केला नव्हता. एक दिशा तेवढी दाखविली होती.

याच प्रसंगी श्रीकृष्णांनी बलाक नावाच्या व्याधाचीही कथा सांगितली आहे. त्याने पाणी पिणारे एक श्वापद मारले आणि तो स्वर्गास गेला. मांसाहाराचे समर्थन करणारे काही विद्वान एवढाच भाग उचलून आपल्यापुढे नाचवितात. ते श्वापद सर्व प्राण्यांच्या नाशाला प्रवृत्त झालेले होते, हा भाग ते गाळतात. शेलारच्या गृहस्थांच्या सांबरीने कोणाचा नाश मांडला होता? गवताचा.

कौशिकाशी तुलना केली तर या गृहस्थांची बाजू उणी पडते, हे कठोर असले तरी म्हटले पाहिजे. कौशिकाला विचारले गेले होते. ते न विचारता शोधावयास गेले. तो व्रताच्या भ्रमाने बोलला, हे मोबदल्यासाठी बोलले. "मी नसतो तर दुसऱ्याने दाखविले असते," असे एक उत्तर अशा वेळी जिभेवर येते. त्यांनी ते दिले नाही, हे मला विशेष वाटले. दुसरा दाखविता तर दोष त्या दुसऱ्याचा होता. त्याने आपला कसा फिटेल? मांसाचे वाटे पडतात तसे दोषाचे पडत नाहीत. चौघांनी मिळून केलेल्या हत्येत प्रत्येकाच्या वाट्याला पाव हत्या येत नाही. मात्र पोटासाठी चार रुपये मिळविणाऱ्याचा लोभ आणि करमणुकीसाठी दोन दिवस रानात येणाऱ्याची हौस या दोहोंत मी तरी हौसेलाच अधिक निंद्य मानतो.

तथापि त्यांच्या दोषाचे मूळ लोभातही नव्हते असे मला वाटते. ते जाणण्यात होते. शिकाऱ्याच्या दृष्टीने ते एक सावज. या गृहस्थांना ती सांबरी ठाऊक होती, तिची वेळ, तिची वाट, तिच्या सोबतचे लहान खूर. इतके जाणल्यानंतर मनुष्य त्या जीवाला परका राहत नाही. रानातल्या इतर कोणावर नव्हता असा भार त्या जाणण्याने त्यांच्यावर आला होता, आणि तोच त्यांनी विकला.

येथे लीळाचरित्रातील ससा स्मरतो. ही लीळा सर्वांस पाठ आहे. परंतु तीत माग काढणारे कोण आहेत याकडे आपले लक्ष जात नाही. ससा भयाने धावत येऊन सर्वज्ञांच्या गुडघ्याखाली शिरला. त्याच्या मागावर सोडलेली कुत्री तेथवर आली आणि उभी राहिली. पारधी मागाहून पोहोचले. म्हणजे ज्यांनी माग काढला, ती मुकी जनावरे त्या ठिकाणी सर्वांआधी थांबली. पारध्यांनी ससा मागितला. तो पैजेचा आहे, यावरून सुऱ्या निघतील, असेही सांगितले.

सर्वज्ञांनी या वेळी काय केले नाही तेही पाहावे. देवीभागवतात सत्यव्रत मुनीची कथा आहे. बाण लागलेला डुक्कर त्याच्या आश्रमात शिरला असता व्याधाने विचारले, तेव्हा जी पाहते ती बोलत नाही आणि जी बोलते ती पाहत नाही, अशा अर्थाचे शब्द बोलून त्याने सुटका करून घेतली. चतुर उत्तर खरे; सत्यही राहिले, डुक्करही वाचला. पण व्याध जसा आला तसाच गेला. सर्वज्ञांनी कौशिकाप्रमाणे ससा दाखविला नाही, आणि सत्यव्रताप्रमाणे शब्दाच्या आडही ठेवला नाही. तो येथे आहे हे पारध्यांना दिसतच होते. सर्वज्ञांनी त्यांनाच विचारले की, रानातले तृण खाऊन आणि ओहोळाचे पाणी पिऊन राहणाऱ्या या जीवांना तुम्ही का मारता? शरण आलेल्याला मरण नाही, हेही त्यांना समजाविले. पारध्यांनी मान्य केले. मग गुडघा उचलला आणि सशाला महात्मा म्हणून निरोप दिला. ससा वाचला आणि पारधीही हिंसेपासून मागे फिरले. शाप कोणासच मिळाला नाही.

एवढे बोलणे झाल्यावर त्या गृहस्थांनी दुसरा प्रश्न काढला, आणि खरे पाहता ते त्यासाठीच आले होते. वैशाखी पौर्णिमेला वनखाते अभयारण्यांतील पाणवठ्यांवर मचाणे बांधून रात्रभर प्राण्यांची मोजदाद करते. त्यांचा नातू तानसा अभयारण्यात त्या कामाला जाणार होता. खूर कसा ओळखावा ते शिकवा, असे तो वर्षभर मागे लागला होता, आणि आजोबा नाही म्हणत होते. "माझ्या विद्येला रक्त लागले आहे," ते म्हणाले. "ती पुढे देऊ का?"

या प्रश्नाने मला रात्रभर जागविले. विद्या तटस्थ असते, वापरणाऱ्यावर सर्व अवलंबून, असे झटकन म्हणता येते. पण ते पुरते खरे नाही. अमेरिकेत आजही शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. तो सुरू होण्यापूर्वी शिकारी रानात जाऊन हेच खूर, हीच घासलेली खोडे पाहतात आणि झाडांना आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बांधतात. तसेच कॅमेरे आपल्याकडे वाघांची गणना करण्यास लावतात. यंत्र एक, पाहणेही एक. व्यंकटेश माडगूळकर एके काळी बंदूक घेऊन रान हिंडत. पुढे ते नागझिऱ्याला राहिले ते केवळ पाहण्यासाठी. दृष्टी तीच राहिली, वासना पालटली. परंतु मोजणाऱ्याने पाहिलेलेही मारणाऱ्याच्या कानी जाऊ शकते. कोणी कौतुकाने भ्रमणध्वनीवर सांबराचे छायाचित्र काढून जागेच्या नावासह सर्वांना धाडतो, आणि फासे लावणाऱ्याला रानात आठ दिवस हिंडावे लागत नाही. त्या कौतुक करणाऱ्यात आणि कौशिकात अंतर किती?

सकाळी मी त्यांना सांगितले की विद्या द्यावी. ती त्यांच्याबरोबर संपली तर दोष धुतला जाणार नाही, आणि उद्या मोजणाऱ्यांत एक जाणता डोळा कमी होईल. मात्र पाहणे शिकविताना न सांगणेही शिकवावे, कारण त्यांचे चुकले ते तेथेच. सांबरीविषयी त्यांनी पुन्हा विचारले. केलेल्या कर्माचे फळ चुकत नाही. त्यासाठी परमेश्वरापुढे अनुतापाने निवेदन करावे, प्रायश्चित्त आपल्या श्रीगुरूंना विचारावे, एवढेच मला सांगता आले. त्यांना ते पुरले असे वाटले नाही, आणि पुरावे असे मलाही वाटले नाही.

त्याच सायंकाळी आजोबा नातवाला घेऊन नदीकाठी बसलेले दिसले. गाळावर दोन बोटांनी सांबराचा खूर उमटवून ते त्याला कड दाखवीत होते. मी जवळून गेलो तेव्हा नातू विचारीत होता, "आणि असा ताजा दिसला तर काय करायचे?"

"वहीत लिहायचे आणि वही साहेबांना द्यायची," ते म्हणाले. "कोणत्या ओहोळावर दिसला, ते घरी आल्यावर मलासुद्धा सांगायचे नाही."