विभाग आणि कुटुंब

विद्यापीठांतील निरोपसमारंभांत एक वाक्य हटकून ऐकूं येतें : "आमचा विभाग म्हणजे एक कुटुंबच." टाळ्याही पडतात. आम्हांस मात्र ही उपमा खटकते. कुटुंबांत वडिलांचा शब्द अखेरचा; आणि धाकट्यावर अन्याय झाला, तर घराच्या अब्रूसाठीं त्यानेंच गप्प बसावें, ही आपल्याकडील रीत. विद्येच्या ठिकाणीं ही रीत शिरली तर जिव्हाळा कदाचित् वाढेल, पण विद्या?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील पुरातत्त्व विभागाचेंच उदाहरण घ्या. घोड नदीकाठच्या इनामगांवीं १९६८ पासून हंगामामागून हंगाम ह्या विभागाचें उत्खनन चाललें. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ह्यांच्या नेतृत्वाखालीं ताम्रपाषाणयुगांतील घरें, चुली आणि घराच्या जमिनीखालीं मातीच्या भांड्यांत पुरलेलीं मुलें उजेडांत आलीं. असें काम थराथरानें चालतें. थर चुकीचा वाचला कीं काळनिर्णयांत शतकांचा घोटाळा. आणि ती चूक प्राध्यापकांच्याच नजरेस पडेल असा नेम नाहीं. दिवसभर खड्ड्यांत बसलेल्या विद्यार्थ्यास, किंबहुना कुदळ चालविणाऱ्या गांवकऱ्यासही, मातीचा पालटलेला रंग आधीं दिसूं शकतो. "सर, हा थर निराळा दिसतो," असें म्हणण्याची त्यास भीति वाटत नसेल, तरच छावणींतल्या एकत्र जेवणास कांहीं अर्थ. जिव्हाळा नको, असें नव्हे; उन्हातान्हांत बरोबर राबणाऱ्यांत तो आपसूक येतो.

उत्खननाचा कोणताही अहवाल हातीं आला, कीं आम्ही प्रथम आभाराचें पान काढतों. तेथें कुदळवाल्याचें नांव आहे, कीं नुसतें 'स्थानिक मजूर', तें पाहतों.