माझं एक मत

हीटर किती नंबरवर ठेवायचा हेसुद्धा आमच्या घरात मी कधी ठरवलेलं नाही. ते खातं हिच्याकडे. असा मी २३ जून २०१६ रोजी, ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की निघावं, हे ठरवायला निघालो! पासपोर्ट भारतीय, पण राष्ट्रकुलातल्या इथल्या रहिवाशांना मत होतं. आजोबांवर ज्यांनी राज्य केलं, त्यांचं भवितव्य नातवाच्या पेन्सिलीत.

शेजारच्या पोलिश बाई बारा वर्षं इथं कर भरतायत. निकालाचा फटका त्यांना, आणि मत मला. कुंपणावरून एवढंच म्हणाल्या, "नीट विचार करा हं."

केला की! पण खोटं कशाला बोलू, प्रचारवाले सांगत होते की युरोपची माणसं कमी झाली तर तुमच्या लोकांना वाव मिळेल. मला एकदम बेकार भाचा आठवला. एकीकडे भाचा, दुसरीकडे बाई. पेन्सिल हातात धरून बराच वेळ उभा होतो.

बावन्न टक्के लोक 'निघा' म्हणाले. भाचा पुढे कॅनडाला गेला. बाईंनी, मत कुणाला दिलंत, असं कधीच विचारलं नाही. मी मात्र कचऱ्याचा डबा हल्ली रात्रीच बाहेर ठेवतो.